दुभाषी संत : वसईचा गोन्सालो गार्सिया आणि फिलिपिन्सची लोकभक्ती

वाचकहो, मंगळवारी किंवा शुक्रवारी उचगावच्या मळेकरणी देवीच्या आमराईत तुम्ही कधी गेला असाल, तर तिथले दृश्य तुमच्या ओळखीचे असेल. बेळगावातून, आसपासच्या खेड्यांतून, घाटाखालूनही माणसे येतात. देवीची ओटी भरतात, बोललेला नवस फेडतात आणि झाडांखाली चुली मांडून पंगती बसवतात. रांगेत पुढची बाई मराठी बोलते, मागची कन्नड. देवीपुढे दोघींचे गाऱ्हाणे मात्र एकच असते : लेकरू सुखरूप राहू दे, घरात भरभराट होऊ दे. देवीचे मूळ कुठले, हे त्या रांगेत कोणी विचारत नाही. ती आपली आहे, एवढे पुरते.

एखादे दैवत किंवा एखादा संत ‘आपला’ कसा होतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला मी तुम्हाला बरेच दूर, वसईहून जपानला आणि जपानहून मनिलाला नेणार आहे. ज्याचे बोट धरून जायचे तो माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. वसईत जन्मला, नागासाकीच्या टेकडीवर मारला गेला आणि कॅथलिक चर्चने अधिकृतपणे संत ठरवलेला भारतात जन्मलेला पहिला माणूस ठरला. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. वसईच्या ख्रिस्ती घरांत हे नाव लेकरांनाही ठाऊक असते. आपल्या सीमाभागातल्या मराठी वाचकाने मात्र ते क्वचितच ऐकले असेल. संतांना आपण एकेरीत हाक मारतो. ज्ञानोबा, तुकोबा म्हणताना आपल्याला अवघडल्यासारखे होत नाही. त्याच रीतीने इथे गोन्सालोला ‘तो’ म्हणतो.

गोन्सालोचा जन्म १५५६च्या सुमारास झाला. त्याच वर्षी गोव्यात छापखाना आला, आशियातला युरोपीय धर्तीचा तो पहिला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. गोन्सालोचा बाप पोर्तुगीज, आई इथली, असे परंपरेने सांगितले जाते. आईचे नाव इतिहासाने जपले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे दोनशे वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, या निनावी आईवरूनच मोठा वाद होणार आहे.

वसईच्या किल्ल्यात जेझुइट पाद्रींची शाळा होती. गोन्सालो तिथे शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना आपल्या गुरूंबरोबर जपानला गेला. जपानात ख्रिस्ती धर्म पोहोचून तेव्हा फार काळ लोटला नव्हता. १५४९मध्ये फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरले होते, तेही गोव्याहूनच गेलेले. कोवळ्या वयाच्या गोन्सालोने जपानी भाषा झपाट्याने आत्मसात केली. पाद्रींना जे अवघड जाई ते तो सहज बोले. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. आपल्याला संघात घ्यावे, ही त्याची विनंती मात्र जेझुइटांनी मान्य केली नाही.

तिथे त्याच्या आयुष्याचा एक अध्याय संपला. निराश होऊन तो घरी परतला नाही. त्याने व्यापार सुरू केला आणि त्यात त्याचा जम बसला. व्यापाराच्या निमित्तानेच तो मनिलाला पोहोचला. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश सत्ता १५६५मध्ये आली होती, मनिला १५७१पासून त्यांची राजधानी होती आणि तिथून मेक्सिकोपर्यंत गलबतांची ये-जा चालू होती. या गजबजलेल्या बंदरात गोन्सालोची गाठ फ्रान्सिस्कन संन्याशांशी पडली. असिसीच्या फ्रान्सिसचे हे अनुयायी अनवाणी चालत, भिक्षेवर राहत, रोग्यांची सेवा करत. १५८०च्या दशकाच्या अखेरीस गोन्सालोने आपला व्यापार सोडला आणि त्यांचा झगा अंगावर घेतला. तो पाद्री झाला नाही. पूजाविधीचा अधिकार नसलेला साधा ‘ब्रदर’ म्हणून तो संघात राहिला. एका संघाने नाकारलेल्या वसईच्या मुलाला दुसऱ्या संघाने जवळ केले आणि ही जवळीक फिलिपिन्सच्या भूमीवर झाली. म्हणून गोन्सालोच्या कथेत वसईइतकाच मनिलाचाही वाटा आहे.

आता राजकारण. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे शरणागतीची मागणी केली होती. गव्हर्नरला लढाई परवडणारी नव्हती. त्याने १५९३मध्ये फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानला पाठवले. या वकिलातीत जपानी भाषा नीट जाणणारा माणूस हवा होता. तो गोन्सालो होता. वसईच्या शाळेतला एक पोरगा, आता चाळिशीकडे झुकलेला, जपानच्या सर्वांत बलाढ्य माणसापुढे उभा राहून स्पेनच्या वकिलाचे म्हणणे जपानीत सांगत होता.

दुभाष्याचे काम किती नाजूक असते, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. कचेरीत, बाजारात, सोयरिकीच्या बैठकीत इकडचे तिकडे सांगताना एक शब्द चुकला तरी मन दुखावते. दोन्ही बाजूंना वाटते, हा आपला माणूस आहे का त्यांचा? हिदेयोशीच्या दरबारात मनिलाचे म्हणणे गोन्सालोच्या तोंडून निघत होते. बोलणी निभावली. वकिलातीतल्या संन्याशांना क्योतोत राहायची परवानगी मिळाली. त्यांनी तिथे मठ आणि चर्च उभारले आणि महारोग्यांसाठी रुग्णालय चालवले. ज्यांना कोणी शिवत नव्हते, त्यांची पाठ धुणारे हात म्हणून त्यांची क्योतोत ओळख झाली.

तीन वर्षांनी सारे विस्कटले. १५९६च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत मनिलाहून मेक्सिकोला निघाले असताना वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीने माल जप्त करवला. माल परत मिळावा म्हणून संन्याशांनी खटपट केली, पण ती फुकट गेली. अशातच त्या गलबताच्या सुकाणूदाराने फुशारकी मारल्याचे सांगतात की स्पेनचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवतो आणि मागून सैन्य. हे वाक्य खरेच बोलले गेले का, यावर पुढे जेझुइट आणि फ्रान्सिस्कन यांनी वर्षानुवर्षे एकमेकांना दोष दिला. वाक्य खरे असो वा नसो, शंका निराधार नव्हती. मेक्सिको, फिलिपिन्स, गोवा ही उदाहरणे जगासमोर होती. गोव्याच्या किनाऱ्यावर देवळे पाडली गेल्याचे आणि धर्मन्यायालय बसल्याचे दुःख आपल्या इतिहासातही आहे. हिदेयोशीची भीती समजून घेतली तरी पुढे जे घडले त्याचे क्रौर्य कमी होत नाही, आणि ते क्रौर्य सांगताना ही भीती झाकून ठेवणेही प्रामाणिक ठरत नाही.

८ डिसेंबर १५९६ला संन्याशांना पकडण्यात आले. जानेवारीत चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची क्योतोच्या रस्त्यांतून धिंड काढली. मग भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभर चालवत नेले. वाटेत आणखी दोघे त्यांत आले आणि संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी गृहस्थ. त्यांत तलवारी घडवणारा कारागीर होता. लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. तेरा वर्षांच्या अंतोनियोचे वडील चिनी आणि आई जपानी. सान फेलिपे गलबतावरचा फेलिपे दे हेसूस मेक्सिकोचा. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर या सर्वांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. वसईचा गोन्सालो त्यांच्यात होता. तेव्हा तो चाळिशीचा होता.

इथे एका शब्दापाशी थांबायला हवे. अशा मरणाला युरोपीय भाषांत जो शब्द आहे, त्याचे ग्रीक मूळ ‘साक्षीदार’ या अर्थाचे. मराठी ख्रिस्ती लेखकांनी त्यासाठी ‘रक्तसाक्षी’ हा शब्द रूढ केला. आपल्याकडे आणखी एक शब्द आहे, हुतात्मा. तो आपल्या भागात नुसता शब्दकोशातला शब्द नाही. १७ जानेवारी १९५६ला बेळगावात गोळीबार झाला. त्या दिवसाची आठवण दर वर्षी काढली जाते. उचगावहून बेळगावला जाताना हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक लागते. ते १ जून १९८६च्या आंदोलनात पडलेल्यांचे. तिथे फुले वाहणाऱ्याला हुतात्मा या शब्दाची व्याख्या सांगावी लागत नाही. मात्र तो एवढे जाणतो की, हुतात्मा मेल्यावर आपोआप हुतात्मा राहत नाही. कोणीतरी दर वर्षी त्या जागी जावे लागते, नाव घ्यावे लागते, पुढच्या पिढीला सांगावे लागते. साक्षीदाराचीही कोणी साक्ष द्यावी लागते.

आणि साक्ष एकाच बाजूची नसते. गोव्यातल्या कुंकळ्ळीचे उदाहरण घ्या. १५ जुलै १५८३ला तिथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांचा प्रमुख रुदोल्फो अक्वाविवा हा अकबराच्या दरबारी राहून आलेला. चर्चने त्यांना १८९३मध्ये धन्य ठरवले. पण कुंकळ्ळीकरांची देवळे आधी उद्ध्वस्त झाली होती, त्या रोषातून हे घडले होते. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. आज कुंकळ्ळीत त्या गावप्रमुखांचेही स्मारक आहे. एकाच गावात दोन स्मृती आहेत, दोन्ही रक्ताच्या. ज्याला इतिहास लिहायचा आहे त्याला दोन्ही ठिकाणी जावे लागते.

आता मनिलाकडे वळू. फिलिपिन्सची बहुसंख्य प्रजा कॅथलिक आहे. ही श्रद्धा तलवारीच्या सावलीत आली हे खरे, परंतु तिथल्या माणसांनी ती आपल्या हाताने घडवून घेतली. सेबू बेटावर ‘सांतो निन्यो’ म्हणजे बाळ येशूची एक लहान मूर्ती आहे. १५२१मध्ये मॅगेलनने ती तिथल्या राणीला भेट दिली आणि १५६५मध्ये पुन्हा आलेल्या स्पॅनिशांना ती एका घरात सापडली, अशी नोंद आहे. मधली चव्वेचाळीस वर्षे तिथे कोणी पाद्री नव्हता, पण मूर्ती टिकली होती. लोकांनी तिला आपल्या रीतीने सांभाळले होते. आज जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सेबूत तिच्यापुढे नाचत मिरवणूक निघते. मनिलाच्या कियापो भागात ९ जानेवारीला काळ्या येशूची, खांद्यावर क्रूस घेतलेली मूर्ती रथावरून निघते आणि लाखो माणसे अनवाणी तिचा दोर ओढायला धडपडतात. पंढरीच्या वाटेवर माउलींच्या रथाला हात लागावा म्हणून होणारी दाटी ज्याने पाहिली आहे, त्याला ही धडपड परकी वाटणार नाही.

मनिलाच्या उत्तरेला ओबांदो नावाचे गाव आहे. तिथे मे महिन्यात तीन दिवस मूल नसलेली जोडपी संतांपुढे नाचतात आणि मूल मागतात. मूल झाले की पुन्हा येऊन नाचतात. तिथे नवसाला ‘पानाता’ म्हणतात. शब्द वेगळा आहे, पण देवाशी केलेला करार तोच, जो मळेकरणीच्या आमराईत बोलला आणि फेडला जातो.

साहित्यप्रेमी वाचकांसाठी याहून जवळची एक गोष्ट आहे. फिलिपिन्सच्या तगालोग भाषेत ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे काव्य आहे, त्याला ‘पासियोन’ म्हणतात. गास्पार आकिनो दे बेलेन या तगालोग कवीचे पासियोन १७०४मध्ये छापले गेले. पवित्र आठवड्यात ते घरात, गल्लीत, मांडवात अखंड गायले जाते. गाणारे पाळी बदलत राहतात, घरमालक सर्वांना खाऊपिऊ घालतो. आपल्या गावातल्या पारायणाला जो बसला आहे, त्याने हे चित्र लगेच ओळखावे. इकडे आपल्या किनाऱ्यावर त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधी, १६१६मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण गोव्यातल्या रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते मराठी काव्य. देवनागरी खिळे नव्हते म्हणून ते रोमन लिपीत छापावे लागले. पुढे गोव्यात १६८४मध्ये स्थानिक भाषेवर हुकूम निघाला, तरी ओव्यांचा नाद लोकांच्या कानात राहिला.

या दोन काव्यांचे पुढे जे झाले, ते तुलना करण्याजोगे आहे. रेनाल्दो इलेतो या फिलिपिनो इतिहासकाराने १९७९मध्ये दाखवून दिले की, पासियोन गाणाऱ्या शेतकऱ्यांनी त्या काव्यातूनच दुःख, त्याग आणि मुक्ती यांची भाषा उचलली. एकोणिसाव्या शतकात स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव झाले, तेव्हा ते ती भाषा बोलत होते. राज्यकर्त्याने दिलेला धर्म गाणाऱ्याच्या तोंडी बसला आणि राज्यकर्त्यावरच उलटला. १७ फेब्रुवारी १८७२ला मनिलात गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्रींना स्पॅनिश सरकारने जाहीरपणे मृत्युदंड दिला. स्थानिक पाद्रींना स्पॅनिश पाद्रींच्या बरोबरीचा हक्क हवा, ही त्यांच्या पक्षाची मागणी होती. चर्चने त्यांना संत ठरवलेले नाही. फिलिपिन्सच्या शाळेतल्या मुलांना मात्र ती तीन नावे तोंडपाठ असतात.

चर्चच्या यादीत पहिल्या फिलिपिनो संताचे नाव यायला १९८७ उजाडले. तो म्हणजे लोरेन्सो रुईस. मनिलाच्या बिनोंदो वस्तीतला, वडील चिनी, आई तगालोग. अक्षर सुंदर, म्हणून चर्चमध्ये लेखनिकाचे काम करणारा, बायकामुलांचा प्रपंची माणूस. त्याच्यावर खुनाचा आळ आला, म्हणून १६३६मध्ये तो काही डोमिनिकन पाद्रींच्या गलबतावर चढून मनिलातून निघाला. गलबत जपानला चालले होते. तिथे पकडला गेला आणि १६३७च्या सप्टेंबरात नागासाकीत उलटे टांगून मारला गेला. गोन्सालोनंतर बरोबर चाळीस वर्षांनी, त्याच शहरात. आज परदेशी राबणारे लाखो फिलिपिनो कामगार त्याला आपला पाठीराखा मानतात. तो धर्मपंडित नव्हता, पाद्रीही नव्हता. घर सोडून परमुलखात अडकलेला माणूस होता, आणि त्यांनाही तेच भोगायचे असते.

गोन्सालो, अंतोनियो, लोरेन्सो. तिघांचे आईबाप दोन वेगवेगळ्या लोकांतले, तिघेही नागासाकीत मेले. आता मघाशी राखून ठेवलेल्या वादाकडे येतो. गोन्सालोला १६२७मध्ये चर्चने धन्य घोषित केले होते. वसईत त्याचे नाव रुजत होते. तेवढ्यात १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मराठी इतिहासातला तो अभिमानाचा दिवस आहे. त्याच दिवसाने किल्ल्यातली चर्चे आणि मठ मात्र ओस पडले. संन्यासी गेले, आणि गोन्सालोचे नाव घेणारी वेदी राहिली नाही. उरले ते आसपासच्या गावांतले शेतकरी आणि कोळी ख्रिस्ती. त्यांनी आपली श्रद्धा आणि बोली, दोन्ही जपल्या.

वसई पडून सहाच वर्षे झाली होती. ब्राझीलच्या किनाऱ्यावर रेसीफे नावाचे शहर आहे. पोर्तुगीजांच्या त्या वसाहतीत मिश्र रक्ताच्या लोकांना ‘पार्दू’ म्हणत. गोऱ्यांच्या मठांत, मानाच्या पदांवर त्यांना जागा नसे. १७४५मध्ये या पार्दूंनी गोन्सालो गार्सियाची मूर्ती आणली आणि थाटामाटात त्याचा उत्सव मांडला. गोऱ्यांनी विचारले, काळसर कातडीचा माणूस संत कसा असेल? तेव्हा आंतोनियो द सांता मारिया जाबोआतांव या फ्रान्सिस्कन पाद्रीने जाहीर प्रवचन करून सिद्ध केले की, गोन्सालोची आई हिंदुस्थानातली होती, म्हणून तो पार्दूच, आणि पार्दूंचा रंग हा कमीपणाचा रंग नाही. ते प्रवचन १७५१मध्ये लिस्बनला छापून निघाले.

ज्या आईचे नाव कोणी लिहून ठेवले नव्हते, तिच्या रंगामुळे सात समुद्रांपलीकडच्या अपमानित माणसांना ताठ मानेने उभे राहता आले. त्यांनी वसई पाहिली नव्हती. जपान तर त्यांच्या कल्पनेतही नसेल. त्यांना एवढेच हवे होते की, स्वर्गात आपल्यासारखा एक जण असावा. लोकभक्तीचे मर्म मला इथे दिसते. संताचे चरित्र चर्च लिहिते, त्याच्या नावाचा दिवसही चर्च ठरवते. पण लोक त्या चरित्रातून आपल्याला हवा तो धागा ओढून काढतात. मेक्सिकोने फेलिपेला आपला केला, फिलिपिन्समध्ये पेद्रो बाप्तिस्तांनी १५९०मध्ये स्थापलेल्या मठाच्या जागी आज त्यांचे नाव धारण करणारे चर्च उभे आहे, जपानने निशिझाकावर १९६२मध्ये स्मारक आणि संग्रहालय उभारले, ब्राझीलच्या पार्दूंनी गोन्सालोची आई शोधली.

आणि वसई? रोममध्ये ८ जून १८६२ला पोप नववे पायस यांनी सव्वीस जणांना संत घोषित केले. गोन्सालो हळूहळू घरी परतला. आज वसईत त्याच्या नावाचे कॉलेज आहे, फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याचा सण होतो आणि किल्ल्याच्या भग्न भिंतींत पुन्हा प्रार्थना होते. ती प्रार्थना मराठीत असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची जागा लोकभाषेने घेतली. वसईच्या मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २००८मध्ये केरळच्या अल्फोन्सा संत ठरल्या, तेव्हा अनेकांनी त्यांना पहिल्या भारतीय संत म्हटले. गोन्सालो त्याआधी एकशे सेहेचाळीस वर्षे संत होता. मग तो भारतीय नव्हता का? बाप पोर्तुगीज म्हणून तो परका, की आई इथली म्हणून आपला? रेसीफेच्या पार्दूंनी १७४५मध्ये दिलेले उत्तर आपल्याला अजून द्यायचे आहे.

वाचकहो, गोव्यात झेवियरच्या सणाला आपल्या भागातूनही लोक जातात, आणि त्यांत सगळे ख्रिस्ती नसतात. ‘गोंयचो सायब’ म्हणून ते त्याला नवस बोलतात. झेवियर स्पेनच्या नवारा प्रांतातला. त्याला आपण सायब केले. मग वसईत जन्मलेला, आपल्या मातीतल्या आईच्या पोटचा गोन्सालो आपल्याला अनोळखी का राहावा? त्याला देव्हाऱ्यात बसवा असे मी म्हणत नाही. त्याचे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असावे, एवढेच म्हणतो. वसईचा इतिहास सांगताना चिमाजी अप्पांच्या विजयाचे पान जितक्या अभिमानाने आपण उघडतो, तितक्याच मोकळेपणाने त्या तटबंदीच्या आत अक्षरे गिरवणाऱ्या या मुलाचेही पान उघडता यायला हवे. दोन्ही पाने एकाच वहीतली आहेत.

सीमेवर राहणाऱ्या माणसाला तर त्याची ओळख पटायला अडचण पडू नये. आपण दोन भाषांच्या मधोमध वाढलो. आपल्यातला प्रत्येक जण कधी ना कधी दुभाषी झाला आहे : आजीसाठी दवाखान्यात, शेजाऱ्यासाठी कचेरीत, पाहुण्यासाठी बाजारात. दोन्हीकडचे ऐकून घ्यायचे, दोन्हीकडचा संशय सोसायचा आणि तरी निरोप खरा पोहोचवायचा, हे काम आपण ओळखतो. गोन्सालोने आयुष्यभर तेच केले. एका भाषेतले दुसऱ्या भाषेत सांगत सांगत तो वसईहून निघाला आणि निशिझाकाच्या टेकडीवर पोहोचला.

पुढच्या मंगळवारी मळेकरणीच्या रांगेत उभे असाल आणि मागची बाई कन्नडमध्ये काही विचारेल, तेव्हा तिला रस्ता दाखवताना क्षणभर त्याची आठवण करा.